गडावर चढले आणि साखरही चढली

‘ताई, मी साताऱ्यात हायस्कूलवर शिक्षिका आहे, वय ३९. चौदाव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह. रात्री दहाला ग्लार्जिन (दिवसभर संथ चालणारं इन्सुलिन) १८ युनिट, खाण्याआधी ॲस्पार्ट (झटपट चालणारं). दिवाळीपासून रोज पहाटे साडेपाचला एकटीच झपाझप अजिंक्यताऱ्यावर जाते, उपाशीपोटी. निघताना साखर १२८ आणि सातला परत आल्यावर २१४! चढ चढून साखर वाढते हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तीन युनिट घेते, आंघोळ करते, मग पावणेआठला नाश्त्याचे नेहमीचे सहा. परवा सव्वादहाला दुसऱ्या तासाला फळ्यावर लिहिताना अक्षरं हलायला लागली. तपासलं तर ५६. एक मुलगा स्टाफरूमपर्यंत पळत जाऊन चहाची साखर घेऊन आला. रविवारी मैत्रिणींबरोबर यवतेश्वरचा घाट चालते. त्या दिवशी सहाला पोहे खाते, पाच युनिट घेते. निघताना १४५ असते आणि निम्म्या घाटातच पाय लटपटतात, ६१-६२. सासूबाई म्हणतात, साखर असताना एवढी धावाधाव कशाला. डॉक्टर म्हणतात, व्यायाम चांगला, चालू ठेवा. खाऊन जाऊ की न खाता? इन्सुलिन घेऊन जाऊ की न घेता? की गड सोडून देऊ?’

गड सोडायचा नाही. एवढं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

मी डॉक्टर नाही. सत्तावीस वर्षं स्वतः इन्सुलिन घेते आणि गेली बारा वर्षं दुसऱ्यांना ते घ्यायला शिकवते. खाली डोसांचे जे आकडे येतील ते सुरुवात कुठून करायची एवढंच सांगतात. बदल करण्याआधी तुमच्या डॉक्टरांसमोर वही उघडून बसा. ‘चालू ठेवा’ असं ते म्हणाले, कारण बहुधा तुम्ही ‘व्यायाम करू का?’ एवढंच विचारलंत. मला जे वेळांसकट लिहिलंत ते त्यांच्यापुढे ठेवलं असतं तर त्यांनीही खुर्ची पुढे ओढली असती. वेळा लिहिल्यात हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘सकाळी शुगर वाढते, काय करू’ एवढंच असतं. त्यावर काय सांगणार, कपाळ?

आता तुमच्या दोन सकाळी शेजारी शेजारी मांडा. गडावर जाताना १२८, घाटात जाताना १४५. रविवारी साखर जास्त होती तरी ती घसरली, आणि रोजची कमी होती ती चढली. नुसता आकडा बघून यातलं काही उलगडत नाही. त्या घडीला अंगात खाण्याचं इन्सुलिन किती फिरतंय, हे त्या आकड्याला विचारावं लागतं. पहाटे साडेपाचला ते जवळजवळ नसतंच. रात्रीच्या जेवणाचं कधीच संपलं, मागे उरली ती ग्लार्जिनची संथ धार. रविवारी मात्र सहाला घेतलेले पाच युनिट नेमके तुम्ही घाटात असताना जोरावर येतात. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या एका फरकात आहेत.

रोजचं आधी बघू, कारण ते तुमच्या मनाला जास्त लागलंय.

पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वाढलेले असतात, इन्सुलिनचा जोर कमी पडतो आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं. ज्यांना मधुमेह नाही त्यांचं स्वादुपिंड जरा जास्त इन्सुलिन सोडून ते निभावून नेतं, कुणाला पत्ताही लागत नाही. आपल्याकडे निभावणारं कुणी नाही. त्यात तुम्ही गडाचा चढ घेता, तोही बोलायला दम उरणार नाही अशा वेगाने. इतक्या जोराच्या श्रमात ॲड्रेनलिन उसळतं आणि लिव्हरला आणखी साखर सोडायला लावतं. स्नायू जेवढी ओढून घेतात त्याहून जास्त लिव्हर ओततं. म्हणून २१४. यात तुमची काही चूक नाही आणि तुमचा मीटरही बिघडलेला नाही. एक दिवस फक्त ‘चार भिंती’ स्मारकापर्यंत, गप्पा मारत, रमतगमत जाऊन या आणि आल्यावर तपासा. आकडा इतका चढलेला दिसणार नाही असं मला वाटतं. चढलाच, तर त्यात श्रमापेक्षा पहाटेचा वाटा मोठा आहे असं समजा. व्यायाम नसलेल्या दिवशी उठल्यावर आणि सातला, न खाता, अशा दोन वेळा तपासलंत की तोही हिशेब कळेल.

आता ही चढलेली साखर कायमची नसते. श्रम थांबले की ॲड्रेनलिन ओसरतं आणि त्या उसळीतली बरीचशी साखर तासाभरात खाली यायला लागते. दुसरीकडे, दमलेले स्नायू आपला रिकामा झालेला साठा भरायला घेतात. ते काम पुढे कितीतरी तास चालतं आणि तेवढा वेळ इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त कामी येतं. तुम्ही नेमक्या याच वेळी काय करता बघा. सात वाजता तीन युनिट. मग आंघोळ, आणि साताऱ्यातल्या थंडीत ती कडकडीत पाण्याचीच असणार. गरम पाण्याने कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो, इन्सुलिन भराभर शोषलं जातं. पावणेआठला आणखी सहा. ॲस्पार्टचा जोर साधारण एक ते तीन तासांत असतो आणि शेपूट चार तासांपर्यंत राहतं. म्हणजे नऊच्या सुमाराला पहिल्या इन्जेक्शनवर दुसरं चढून बसलंय, गडाची उसळी आपणहून ओसरलीय, स्नायू साखर मागतायत. सव्वादहाला नाश्ता संपलाय आणि इन्सुलिन उरलंय. फळ्यावरची अक्षरं हलणार नाहीत तर काय होईल?

म्हणून गडावरून आल्यावर दारातच इन्सुलिनचं पेन उघडायचं नाही. पाणी प्या, आंघोळ उरका, थोडं बसा. नाश्ता ताटलीत वाढून झाला की मग तपासा आणि सकाळचं एकच इन्जेक्शन घ्या. नाश्त्याचं इन्सुलिन आणि वाढलेल्या साखरेचं करेक्शन (ती खाली आणायचा जादा डोस), दोन्ही त्यातच. करेक्शन मात्र निम्मं. तुमच्या हिशेबाने २१४ ला तीन लागतात ना, तर दीड. अर्ध्या युनिटचं पेन नसेल तर एक. आणि तपासल्यावर आकडा १७०-१८० वर आलेला दिसला तर करेक्शन काहीच नको. नाश्त्याचे सहाही गडाच्या दिवशी जरा जास्तच होत असतील असा माझा अंदाज आहे. पण एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. आधी करेक्शन निम्मं करून चार दिवस दहा वाजता तपासा, मग नाश्त्याच्या डोसाला हात लावा.

करेक्शन अजिबात घेऊ नका, असं का म्हणत नाही? टाइप वनमध्ये उसळी ओसरली तरी साखर पूर्ण खाली येईलच असं नसतं. मागे ग्लार्जिनखेरीज काही नाही. नाश्ता त्याच्यावर येऊन पडला की आकडा दुपारपर्यंत वरच राहतो. काही जण गडावर निघण्याआधीच छोटासा डोस घेऊन ही उसळी दाबतात. तुम्हाला मी ते सध्या सांगणार नाही. एकट्याने अंधारात चढणाऱ्या बाईला तर मुळीच नाही.

रविवारची गोष्ट उलटी आहे. मधुमेह नसलेला माणूस चालायला लागला की त्याचं स्वादुपिंड लगेच हात आखडतं, इन्सुलिन कमी करतं. आपण सुईने घेतलेलं इन्सुलिन म्हणजे स्टँडवरून सुटलेली एसटी. घाटात पोचल्यावर ‘थांबा हो’ म्हणून ओरडून उपयोग नाही. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनवाचूनही साखर आत घेतो, व्यायामाचा एक मोठा फायदा तोच आहे. घाटात मग तीन गोष्टी एकदम होतात. स्नायू स्वतःच्या जोरावर साखर घेतायत, पाच युनिट त्यांना आणखी घ्यायला लावतायत, आणि तेच पाच युनिट लिव्हरला साखर सोडू देत नाहीत. रोज तुम्हाला छळणारं लिव्हर रविवारी हवं असताना गप्प बसतं.

यातून सुटायचे दोन रस्ते. पहिला सोपा. रविवारीही रोजच्यासारखं उपाशी जा आणि पोहे खाली उतरल्यावर सगळ्यांबरोबर खा. मैत्रिणींना सकाळी आठला पोहे मिळतात याचं वाईट वाटेल असं मला वाटत नाही. दुसरा रस्ता, भूक लागत असेल किंवा चाल दोन-अडीच तासांची असेल तर. पोहे खा, पण खाल्ल्यापासून तास-दीड तासात चालणार असाल तर इन्सुलिन निम्मं किंवा त्याहूनही कमी. पाचाच्या जागी दोन घेऊन पहिल्या रविवारी बघा. तासाभराच्या खड्या चढाला कित्येकांना पाव डोस पुरतो. निघताना १८०-१९० दिसेल. दिसू दे. ती घाटात खर्च होणार आहे, तिला इन्जेक्शन घेऊन मारू नका. इतकी वर्षं आकडा दोनशेच्या जवळ गेला की हात आपोआप पेनाकडे जातो, मला ठाऊक आहे. तोच हात रविवारी खिशात ठेवायचा. सुई पोटावर घ्या, मांडीवर नाही. चढताना मांडीचे स्नायू तापतात, तिथलं इन्सुलिन लवकर सुटतं.

निघताना कितीवर निघावं? इन्सुलिन घेणाऱ्यांच्या व्यायामासाठी तज्ज्ञांनी २०१७ मध्ये एकत्र बसून आकडे ठरवले, आम्ही तेच शिकवतो. साधारण १२५ ते १८० मध्ये असाल तर चालू पडा. १८० ते २७० लाही हरकत नाही. ९० ते १२४ असेल तर दहा ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे दोन चमचे, पाण्यात घालून प्या आणि निघा. तुमच्या रोजच्या उपाशी चढाला, साखर वरच जाते हे पक्कं झाल्यावर, ११० ला ते दोन चमचेही लागणार नाहीत कदाचित. पण हे वहीने सिद्ध होऊ द्या. ९० च्या खाली असेल तर दहा ते वीस ग्रॅम घ्या, थांबा, वर आल्याशिवाय स्कूटीची किल्लीसुद्धा फिरवू नका. २७० च्या वर असेल तर आधी कारण शोधा. रात्री लग्नाचं जेवण झालंय की ग्लार्जिन घ्यायचं राहिलंय? दुसरं असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात चरबीपासून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासल्याशिवाय गड नाही. केमिस्टकडे लघवी तपासायच्या कीटोनच्या पट्ट्या मिळतात, एक डबी घरात असू द्या. रक्तातले कीटोन मोजता येत असतील तर १.५ किंवा त्यावर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. अंगात इन्सुलिनच नसताना केलेला व्यायाम साखर आणि कीटोन दोन्ही वाढवतो.

आणखी एका दिवशी जायचं नाही. आदल्या चोवीस तासांत ५० च्या खाली गेलात किंवा दुसऱ्या कुणाला तुम्हाला शुद्धीवर आणावं लागलं, तर तो दिवस सुट्टीचा. साध्या हायपोनंतरही, म्हणजे साखर फार खाली गेल्यानंतरही, दुसऱ्या दिवशी शरीर धोक्याची घंटा उशिरा वाजवतं, घाम नाही, थरथर नाही आणि एकदम पाय जातात. परवाच्या ५६ नंतर तुम्ही काल गडावर गेला होतात का? पत्रात लिहिलेलं नाही, पण गेला असाल असं वाटतंय.

आता खिशाकडे येऊ. साताऱ्याच्या माणसाच्या खिशात हायपोसाठी काय सापडतं ते मी बारा वर्षं बघतेय. कंदी पेढा. पेढ्यावर माझा राग नाही, पण हायपोला तो कुचकामी. खव्यातल्या तुपाने साखर पोटातून रक्तात जायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नसतो. चॉकलेटचंही तेच. ग्लुकोज पावडर हवी, तीन चमचे म्हणजे साधारण पंधरा ग्रॅम, घरीच छोट्या पुड्या बांधून ठेवा. नाहीतर साखर तीन-चार चमचे, किंवा आंब्याच्या ज्यूसचा छोटा टेट्रापॅक. ७० च्या खाली दिसलं किंवा तसं वाटलं, की बसा. पुढच्या वळणापर्यंत जाऊन बसू, हा विचार करायचा नाही. पंधरा ग्रॅम घ्या, पंधरा मिनिटं घड्याळ बघा, पुन्हा तपासा. ९० च्या वर आल्याशिवाय उठू नका, उतारालासुद्धा. उतरायलाही स्नायू लागतात, फक्त दम लागत नाही म्हणून आपण ते विसरतो. वर आल्यावर दोन बिस्किटं किंवा केळं खा. पेढाही आता चालेल.

तपासताना बोटं धुवा. हे मी फार शहाणपणाने सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी एका टेकडीवर मला गरगरायला लागलं. मैत्रिणीने संत्रं सोलून हातात दिलं, दोन फोडी खाल्ल्या आणि म्हटलं, तपासून तर घेऊ. ओढणीला बोट पुसलं, टोचलं, मीटरवर २३१. मनात म्हटलं, म्हणजे साखर वाढल्यानेच गरगरतंय, खाणं थांबवलं पाहिजे. संत्रं बाजूला ठेवलं. नशीब, मैत्रीण हट्टी निघाली. माझा चेहरा पांढराफटक पडलाय असं म्हणाली आणि बाटलीतलं पाणी हातावर ओतून दुसरं बोट पुढे करायला लावलं. ६१. पहिला आकडा संत्र्याच्या सालीचा होता, माझा नव्हता. तेव्हापासून पाठपिशवीत पाण्याची एक छोटी बाटली फक्त बोटांसाठी असते. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून टाकून दुसऱ्या थेंबावर तपासा. आणि आकडा काहीही सांगो, अंग लो असल्याचं सांगत असेल तर आधी ग्लुकोज. चुकून वाढलेली साखर दुपारपर्यंत ताळ्यावर आणता येते.

मैत्रिणींपैकी दोघींना तुमच्या पुड्या कुठल्या कप्प्यात आहेत ते दाखवून ठेवा. शुद्ध गेली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा, हेही सांगा. लाजायचं काय त्यात. रोज गडावर एकट्या जाता ते मला मनापासून आवडत नाही, पण सोबत मिळत नाही म्हणून घरी बसा असंही सांगवत नाही. निदान फोन चार्ज केलेला असू द्या आणि कधी निघालात ते घरात माहीत असू द्या.

एक गंमत सांगते. मध्यम वेगाच्या चालीनंतर साखर घसरायच्या बेतात असेल तर शेवटी दहा सेकंद जीव खाऊन पळायचं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००६ मध्ये हे टाइप वनच्या तरुणांवर करून पाहिलं, त्यानंतरचा काही काळ साखर पडायची थांबली. कारण तेच, तुमच्या गडावरचं ॲड्रेनलिन. रविवारी घाट उतरून आल्यावर शंभरच्या आसपास असाल तर सपाटीवर करून बघा. ७० च्या खाली असताना मात्र ही गंमत नाही, तेव्हा ग्लुकोजच. आणि हृदय तपासून घेतलेलं नसेल तर मुळीच नाही. पंचवीस वर्षांचा मधुमेह आहे तुम्हाला, तेव्हा ईसीजी, डोळ्यांचा पडदा आणि पावलांची संवेदना यंदा तपासली नसेल तर तेवढं या महिन्यात उरका. बुटात खडा गेलाय हे गडावरून उतरल्यावर रक्त बघून कळू नये.

दंडावर लावायचा सेन्सर परवडत असेल तर कायमचा नको, चौदा दिवसांचा एक लावा. तुमच्या दोन्ही सकाळचे आलेख समोर येतील. फक्त तो रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो आणि चढावर काही मिनिटं मागे असतो. सेन्सर ९० आणि खाली जाणारा बाण दाखवत असेल तर तुम्ही ७० ला पोचलेल्या असू शकता. बाण बघा, आकडा नंतर.

तुमचं पत्र वाचून ‘मी तर मिक्स्टार्ड (मिश्र इन्सुलिन) घेतो, माझं काय’ म्हणणारे वाचक असणारच. त्यांना एकच, पण फार कळकळीने. ३०/७० च्या बाटलीत साधं इन्सुलिन आणि लांब चालणारं, दोन्ही एकत्र असतात. ‘खाण्याआधी अर्धा तास घ्या’ असं तुम्हाला सांगितलेलं असतं, आणि बरेच काका तो अर्धा तास वाया जाऊ नये म्हणून इन्जेक्शन घेऊन फिरायला निघतात. पोटात अन्न नाही, इन्सुलिन आत गेलंय, वर चाल, आणि वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की अर्ध्याचा तास झालेला. आधी फिरून या, मग इन्जेक्शन, मग अर्ध्या तासाने नाश्ता. रात्रीच्या डोसाचं शेपूट पहाटेपर्यंत असू शकतं, म्हणून उपाशी निघण्याआधी तपासा आणि शंभरच्या आसपास असाल तर दोन बिस्किटं किंवा अर्धं केळं खाऊन निघा. सोबत ग्लिमेपिराइडची (मधुमेहाची) गोळी असेल तर तीही साखर खाली ओढते. बीटा ब्लॉकर (रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी) चालू असेल तर धडधड, थरथर जाणवत नाही, घाम तेवढा येतो. थंडीत फिरताना घाम फुटला तर त्याला व्यायामाचा घाम समजू नका.

सासूबाईंचं राहिलं. त्यांना वसीम अक्रम नक्की आठवत असेल. १९९७ मध्ये त्याला मधुमेह निघाला, इन्सुलिन सुरू झालं, आणि त्यानंतर तो २००३ च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळला. एकदिवसीय सामन्यांतली पाचशेवी विकेट त्याने त्याच वर्ल्ड कपमध्ये काढली. हे सांगून वाद जिंकाल, पण त्याने त्यांची काळजी जाणार नाही. ती जायला त्यांना पुड्या बांधायच्या कामाला लावा. पंधरा ग्रॅम मोजून, कागदात घडी घालून, आठवड्याच्या सात. माझ्या आईने माझ्या पुड्या बारा वर्षं बांधल्या आणि ‘जाऊ नकोस’ म्हणायचं कधी बंद केलं ते तिलाही कळलं नाही.

पुढचे दोन आठवडे एवढंच करा. गडाच्या प्रत्येक दिवशी चार आकडे लिहा: निघताना, आल्या आल्या, नाश्त्याच्या ताटलीसमोर आणि शाळेत दहा वाजता. शेजारी किती युनिट, किती वाजता आणि चढ जोराचा की रमतगमत. पाळी जवळ आली की कित्येकींची साखर काही दिवस उगाचच वर राहते, तेही कोपऱ्यात टिपा, नाहीतर त्याचं खापर गडावर फुटेल. नेहमीपेक्षा मोठी चाल झाली, कासला वगैरे दिवसभर हिंडलात, तर त्या रात्री तीनचा गजर लावून एकदा तपासा. अशा दिवसाच्या आदल्या रात्री ग्लार्जिन किती कमी करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दोन आठवड्यांनी वही घेऊन त्यांच्याकडे जा. मलाही एक फोटो पाठवा.

आणि इन्सुलिनचं पेन स्कूटीच्या डिकीत ठेवत असाल तर आजच काढा, उन्हात उभ्या गाडीत ते उकडून निघतं. ग्लुकोजचा एक डबा मात्र वर्गात, टेबलाच्या खणात ठेवा, कुलूप न लावता. तो स्टाफरूमपर्यंत पळालेला मुलगा आहे ना, त्याला तो खण दाखवून ठेवा.